गाढवाच्या पोटाखालून तीनदा

क्लूनकारा, काउंटी मेयो
१२ जून १९५६

प्रिय डिंप्नाताईस,
स. न. वि. वि.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच आणि मग राग कुणावर काढायचा ते ठरव.

मुलांना डांग्या खोकला झाला आहे. उनाने शाळेतून आणला, कोलमनने तिच्याकडून घेतला. उना नऊ वर्षांची, शहाणी आहे. उबळ आली की स्वतःच बादली ओढून घेते आणि झालं की तोंड पुसून पुन्हा पुस्तकात डोकं घालते. कोलमन चारच वर्षांचा. त्याला आपल्याला काय होतंय तेच कळत नाही. खोकता खोकता माझ्याकडे असा बघतो, जणू मीच त्याला मारते आहे. फिंटन आता पाच आठवड्यांचा झाला. त्याला अजून काही नाही. हे लिहिताना नजर लागू नये म्हणून मी लाकडाला हात लावला आहे, हस हवं तर.

आमचे पतिराज गेल्या मंगळवारी गोठ्याचा पत्रा ठोकायला छपरावर चढले. उतरायला शिडी होती. मॅलकीने ती वापरली नाही. मांडीपर्यंत प्लास्टर घातलंय, सप्टेंबरपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही. तेव्हापासून चुलीजवळच्या बाकावर पडून असतात आणि मी कुठलं काम कसं चुकीचं करते ते सांगतात. कापलेलं गवत शेतात पडून आहे आणि नऊ दिवस पाऊस थांबलेला नाही. शुक्रवारी काळी गाय दलदलीच्या चरात रुतली. दोरी कशी बांधायला हवी होती, यावर शेजारचे पाच पुरुष फार छान बोलले. गाय मेल्यानंतर.

घरात सल्ल्यांचा मात्र तुटवडा नाही. काळ्या-पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या माणसाला डांग्या खोकल्याचं औषध विचारावं आणि तो सांगेल ते द्यावं, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं. गुरुवारी त्यांनी रस्त्यावर असा एक गाठला. भांड्यांना डाग देत फिरणारा भटक्या होता. तो म्हणाला, गोड चहा. चहा मुलांसाठी की त्याच्यासाठी, हे सासूबाईंनी विचारलं नाही. सगळ्यांनाच दिला.

ताई, तू येशील का? चारच दिवस ये. तू लहान मुलांच्या वॉर्डाची सिस्टर आहेस, तू नुसती दारात उभी राहिलीस तरी इथल्या निम्म्या लोकांची तोंडं बंद होतील.

कळावे. लोभ आहेच, तो बोटीत बसून इकडे आला तर फार बरं होईल.

तुझी धाकटी
ईटा


कॉव्हेंट्री
१९ जून १९५६

चि. सौ. ईटा हिस,
अनेक आशीर्वाद. अक्कल आशीर्वादाने येत नाही, नाहीतर घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक वेगळा पाठवला असता.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि जेवण राहिलं. मला सांग, आपण कुठल्या शतकात आहोत? इथे मी पोरांना सुया टोचते, त्यांच्या नाकात नळ्या घालते, आणि तिकडे माझ्या भाच्यांचा डॉक्टर कोण, तर घोड्यावरचा कल्हईवाला! तुझ्या सासूला म्हणावं, पुढच्या वेळी घोड्यालाच विचारा. त्याला निदान चहा नको असतो.

मॅलकीबद्दल मी काही बोलत नाही. लग्नाच्या दिवशी बोलले होते, तेव्हा कुणी ऐकलं नाही.

आता हे नीट वाच. फिंटनला त्या दोघांपासून लांब ठेव. तुमच्या दोन खोल्यांत ते जमायचं नाही हे मला माहीत आहे, तरी ठेव. आणि त्याला पहिला खोकला आला की त्याच दिवशी हॉस्पिटल. दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. एवढ्या लहान जिवाला मोठ्या मुलांसारखी उबळ येत नाही, तो हूप करून ओरडत नाही. तो नुसता श्वास घ्यायचा थांबतो. आवाजसुद्धा होत नाही. या वर्षी माझ्या वॉर्डात अशी चार मुलं गेली, आणि चौघांच्याही आया हेच म्हणाल्या की आत्ता तर झोपला होता.

रजेचं मेट्रनबाईंना विचारलं. नाही म्हणाल्या. वॉर्ड भरलेला आहे आणि दोन नर्सेस आजारी आहेत. मी काय करू?

उनाला माझा एक पापा. त्या घरात डोकं चालणारी तेवढी एकच दिसते.

लोभ असू दे आणि खिडक्याही उघड्या असू दे.

डिंप्ना


क्लूनकारा
२७ जून १९५६

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने सासूबाईंच्या हातात दिलं आणि त्यांनी ते उनाला मोठ्याने वाचायला लावलं. उना वाचनात हुशार, एक शब्द गाळला नाही. घोड्यालाच विचारा, इथे पोचल्यावर मॅलकीला हसू आलं आणि पाय दुखला. सासूबाई हसल्या नाहीत. इंग्लंडला गेलं की माणसाला पगार मिळतो आणि त्या बदल्यात जिभेचं हाड काढून घेतात वाटतं, एवढंच म्हणाल्या आणि बटाटे सोलत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गाढव घेऊन आल्या. मुद्दाम. तुझं पत्र आलं नसतं तर एखादे वेळेस आणलं नसतं. तुला तो उपाय आठवत असेल. पोराला गाढवाच्या पोटाखालून तीनदा न्यायचं, पाठीवरून तीनदा, मग गाढवाला पाव द्यायचा आणि त्याच्या तोंडून जो उरेल तो पोराला खायला घालायचा. कोलमनला एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने त्यांनी घेतलं. भर पावसात. दुसऱ्या फेरीला त्याला उबळ आली आणि तो गाढवाच्या पायांतच ओकला. गाढव बिचारं हललंसुद्धा नाही. तिथे असलेल्यांत सगळ्यात समजूतदार तेच होतं. पाव त्याने पूर्ण खाल्ला, काही उरवलं नाही, म्हणून उपाय लागू पडला नाही असा निष्कर्ष निघाला.

तू हसशील म्हणून हे लिहिलं. आता पुढचं. सोमवारपासून फिंटन खोकतो आहे. तू लिहिलंस तसंच. दोन-तीनदा ठसकतो, मग गप्प होतो, ओठ करडे पडतात. मी पाठीवर थोपटते, मग तो श्वास घेतो. मी त्याला खाली ठेवतच नाही. खांद्यावरच असतो.

हॉस्पिटलचं नाव काढलं की सासूबाई दाराशी उभ्या राहतात. तिथून पोरं पेटीतून परत येतात, म्हणतात. त्यापुढे एक शब्द नाही. मॅलकीला म्हटलं तू सांग, तर तो म्हणतो आईला जास्त कळतं, तिने सहा पोरं वाढवली. गावची नर्स आली होती, तिला दाराबाहेरूनच वाटेला लावलं. मी काय करावं ते मला सुचत नाही. तू त्यांना समजेल असं काहीतरी लिही. किंवा ये. मेट्रनबाईंना सांग की बाळ आजारी आहे. त्यांना काय मूल नसेल?

तुझ्या लोभाची आणि त्याहून तुझी वाट बघणारी
ईटा


कॉव्हेंट्री
२ जुलै १९५६

ईटा,

घाईत आहे, नमस्कार-चमत्कार राहू दे. मेट्रनबाईंनी पुन्हा नाही म्हटलं. पुन्हा विचारण्यात अर्थ नाही.

पुढचं उनाला मोठ्याने वाचू दे.

सबीनाबाई, तुम्ही सहा पोरं वाढवलीत असं ऐकते. पावसाने गवत वाढवलं म्हणतात ना, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही काही केलंत म्हणून ती वाढली नाहीत, तुमच्या उपायांतूनही वाचली म्हणून वाढली. आता तुमच्या हट्टापायी एक सात आठवड्यांचं पोर आईच्या खांद्यावर गुदमरतं आहे आणि तुम्ही दार अडवून उभ्या आहात. तुम्हाला डॉक्टर नको, नर्स नको, कारण तुम्हाला गाढव आहे. फिंटनला काही झालं तर ते देवाच्या इच्छेने झालं असं निदान फादर डिव्हेनींना सांगू नका. ते तुमच्यामुळे झालं असेल, आणि हे मी तुम्हाला मरेपर्यंत विसरू देणार नाही.

ईटा, तू आई आहेस की पाहुणी? उचल आणि जा.

डिंप्ना


हॉस्पिटल, वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यातला बाक
१४ जुलै १९५६

डिंप्ना फ्लॅनरी हिस,

आशीर्वाद लिहीत नाही. तू मागितलेले नाहीस, आणि माझ्याकडे उरलेत ते मोजके आहेत, नातवंडांना लागतील.

फिंटन जिवंत आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण कितीही टेचात असलीस तरी ईटाची बहीण आहेस आणि पहिल्या ओळीपासून तेच शोधत असशील. ऑक्सिजनच्या तंबूत ठेवलंय. काल दूध पोटात राहिलं.

तुझं पत्र पाच तारखेला सकाळी आलं. उनाला वाचायला दिलं नाही, मीच उघडलं. अर्ध्यावर आले तोच ईटाने माझं नाव घेतलं. आई म्हणाली नाही, सबीना म्हणाली. वळून बघते तर ती खोलीच्या मधोमध खांबासारखी उभी आणि हातातलं पोर निळं. खोकला नाही, रडणं नाही, मान मागे पडलेली. मॅलकी बाकावरून देवाचा धावा करत होता. बापासारखा आवाज मोठा आहे त्याचा, उपयोगही तेवढाच.

मी पत्र कोटाच्या खिशात कोंबलं आणि पोराला तिच्या हातून घेतलं. पायांना धरून उलटं केलं, करंगळी घशात घातली, दोरीसारखा चिकटा ओढून काढला आणि तोंडाला तोंड लावून फुंकलं. कोकरांना फुंकतात तसं, हलकंच. चार वेळा काही नाही. पाचव्याला तो आचके देऊन रडला. मग त्याला कोटाच्या आत घातलं, रस्त्यावर जाऊन उभी राहिले आणि डेअरीची लॉरी अडवली. आज हॉस्पिटलकडे वळायचं नाही म्हणून ड्रायव्हर कुरकुरला. त्याच्या आजीला मी ओळखते, तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. वळला.

आता माझ्या पोरांविषयी. मी सहा वाढवली, हे मॅलकी सांगतो. मला आठ झाली होती. विनी सहाची आणि डीलिया चारची. सन एकवीसमध्ये दोघींच्या घशाला आलं, घटसर्प. डॉक्टर म्हणाला साथीच्या हॉस्पिटलात न्या, म्हणून नेलं. त्यांनी फाटकात माझ्याकडून पोरी घेतल्या आणि फाटक लावलं. तीन दिवस मी बाहेर भिंतीला टेकून बसले. रोज सांगायचे, बरं आहे. तिसऱ्या दिवशी पेटी बाहेर आणली. एकच पेटी, दोघींची. विनी पहिल्याच रात्री गेली होती. डीलियाला दोन दिवस कुणी उचललं, ती कुणाला हाक मारत होती, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. तुझ्यासारखीच एक होती तिथे, पांढऱ्या टोपीतली. म्हणाली, बाई, इथे गर्दी करू नका.

म्हणून मी दार अडवलं. बरोबर केलं असं म्हणत नाही. मला माझी चूक सांगायला कॉव्हेंट्रीहून माणूस लागत नाही.

इथेही मला म्हणाले, पोर द्या आणि घरी जा, भेट रविवारी दोन ते तीन. मी बाकावर बसले. पहिल्या दिवशी ननने समजावलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला. मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नाही, पण घसा साफ करतो बिशपसारखा. तिसऱ्या दिवशी त्यांना कंटाळा आला. आज दहावा दिवस. दाराच्या काचेतून मला त्याचा पाय दिसतो. आता तीच नन मला चहा आणून देते आणि फरशी पुसणारीला माझ्या पायांखालून पुसायला सांगते.

दहा दिवस वाचायला खिशात तुझं पत्र तेवढं होतं. पाठ झालं. मग पाकीट वाचायला घेतलं. आत कॉव्हेंट्री लिहिलंय आणि तिकिटावर शिक्का ब्लॅकपूलचा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तुमच्या मेट्रनबाई वॉर्डासकट समुद्रावर हवा खायला गेल्या होत्या का? रजा मिळाली नाही म्हणून तू आली नाहीस, हे मी मानलं होतं आणि त्याबद्दल तुझा राग केला नव्हता. नोकरी म्हणजे नोकरी. पण तू सुट्टीवर होतीस. बहीण पोर खांद्यावर घेऊन बसली होती आणि तू वाळूत बसून मला शहाणपण शिकवत होतीस.

मी गाढव आणलं ते मूर्खपणाचं होतं, पण मी पावसात त्याच्या एका बाजूला उभी तरी होते. तू कुठे होतीस?

लोभाची विनंती मी करत नाही. तुझ्याकडे असलाच तर बहिणीसाठी ठेव.

सबीना गिलवॅरी


कॉव्हेंट्री
२० जुलै १९५६

सबीनाबाई गिलवॅरी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उभ्याने वाचलं. बसायची लाज वाटली.

खोटं बोलले. मेट्रनबाईंना मी रजेचं विचारलंच नव्हतं, कारण रजा माझ्याकडे होती. मार्चपासून लावून ठेवलेली होती, जूनच्या तीस तारखेपासून दहा दिवस. पहिल्याच दिवशी मी इथल्या रजिस्टर ऑफिसात लग्न केलं. नवऱ्याचं नाव विल्फ्रेड, बसवर इन्स्पेक्टर आहे, बायको वारलेली, वय शेहेचाळीस. मेथडिस्ट पंथाचा आहे, कॅथलिक नाही. म्हणजे आपल्या चर्चच्या लेखी हे लग्नच नाही, मी परक्या पुरुषाबरोबर राहते आहे. हे ईटालासुद्धा सांगितलं नाही. पत्रात लिहायला घ्यायचे आणि त्याऐवजी तुमच्यावर चार ओळी लिहायचे. तुमच्यावर लिहिणं फार सोपं जायचं.

अकरा वर्षं मी तुमच्या गाढवांना आणि घोडेस्वारांना हसले. इथल्या नर्सेसना तुमच्या नकला करून दाखवल्या. आणि एवढी शिकलेली, एवढी पुढारलेली मी फादर डिव्हेनी काय म्हणतील या धास्तीने समुद्राकाठी लपून बसले. तुम्ही निदान भ्यालात ती फाटकाला भ्यालात. त्या फाटकाने तुमच्या दोन मुली घेतल्या होत्या. मी एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या भुवयांना भ्याले.

पाच तारखेला सकाळी तुम्ही रस्त्यावर लॉरी अडवत होता तेव्हा मी काय करत होते, ते हिशेब करून पाहिलं. विल्फ्रेड पोस्टकार्डं निवडत होता आणि मला कुठलं पाठवता येईल ते ठरत नव्हतं.

तुम्ही फिंटनसाठी जे केलंत, उलटं धरलंत, चिकटा काढलात, फुंकलंत, ते मी असते तर तसंच केलं असतं. अगदी त्याच क्रमाने. आमच्याकडे मुलींना ते शिकवायला तीन वर्षं लागतात. मात्र दहा दिवस उशीर झाला हे मी मागे घेत नाही. तुम्हालाही ते आवडणार नाही.

विनी आणि डीलियाचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर ते पत्र लिहिलं नसतं, असं म्हणणार होते. पण मी विचारलं कधी? माझ्या वॉर्डात भेट रविवारी दोन ते तीनच असते. सोमवारी एक आई जिन्यात बसली होती. तिला मी आत घेतलं. मेट्रनबाई बोलल्या. बोलू देत.

लोभ मागायचा हक्क मला राहिलेला नाही. फिंटनची खबर मात्र कुणीतरी कळवावी, एवढी भीक घाला.

डिंप्ना


क्लूनकारा
५ ऑगस्ट १९५६

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

फिंटन गेल्या शनिवारी घरी आला. गेला तेव्हा होता त्याहून किंचित हलकाच आहे आणि रडताना आवाज चिरका येतो, पण दूध पितो आणि पितो ते ठेवतो. डॉक्टर म्हणाले खोकला अजून महिनाभर अधूनमधून राहील. उना शाळेत जायला लागली. कोलमनचे गाल भरायला लागले आहेत. गवत सगळं कुजलं, हिवाळ्यात विकत घ्यावं लागेल नाहीतर दोन गाई काढाव्या लागतील. मॅलकी कुबड्यांवर अंगणापर्यंत जातो आणि तिथून सूचना देतो.

सासूबाईंनी तुझं पत्र मला वाचायला दिलं आणि स्वतःचं काय होतं तेही सांगितलं. त्यामुळे आता दोन्ही बाजू मला कळल्या आहेत. तुम्हा दोघींना एकमेकींची क्षमा करायची असेल तर खुशाल करा. तुमचं चांगलं जमेल, दोघी एकाच मापाच्या आहात. मला मात्र काही बोलायचं आहे आणि ते ऐकायला आजवर तुम्हा दोघींना वेळ झालेला नाही.

तू मला विचारलंस, आई आहेस की पाहुणी. त्यांनी लिहिलं, खांबासारखी उभी होती. अकरा दिवस त्या पोराला मी खांद्यावर धरलं होतं. मोरीला जाताना तेवढं उनाकडे द्यायचे. जेवले तेही उभ्याने. त्याचा श्वास थांबला की पाठीवर थोपटायचं आणि मनात आकडे म्हणायचे, तो परत श्वास घेईपर्यंत. त्या दिवशी वीस झाले, तीस झाले आणि त्यापुढचा आकडा मला आठवेना. म्हणून मी उभी राहिले. तुम्ही दोघींनी पानंच्या पानं लिहिलीत, पण पोर कुणाच्या हातात होतं याची एक ओळ नाही. तुझ्या पत्रांत ती म्हातारी आणि त्यांच्या पत्रात ती पांढरी टोपी. तुमचं भांडण माझ्या मुलाच्या छातीवर चाललं होतं.

आणि सगळ्यात जास्त कीव मला माझी स्वतःची येते. रस्ता माझ्या दारासमोरून जातो. डेअरीची लॉरी रोज साडेआठला जाते. पहिल्या सोमवारीच मी पोर उचलून जाऊ शकत होते. सासूबाईंना बाजूला सारायला काय लागलं असतं? अडुसष्ट वर्षांची बाई आहे, गुडघे दुखतात. पण मी एकीने हो म्हणावं म्हणून पत्रं लिहीत बसले आणि दुसरीने नाही म्हणू नये म्हणून गप्प बसले. परवानगीची वाट बघत मी त्याला जवळपास घालवलाच होता. असं माझ्याकडून पुन्हा व्हायचं नाही.

गेल्या बुधवारी कोलमनला आणि उनाला घेऊन मी डॉक्टरकडे गेले. निघताना कुणाला विचारलं नाही. येते म्हणाले आणि गेले. सासूबाई दाराशी होत्या, त्या बाजूला झाल्या. मॅलकी जेवणाचं काय म्हणाला, तर बटाटे कुठे असतात ते सांगितलं.

तुझ्या लग्नाची बातमी फादर डिव्हेनींपर्यंत पोचली. सासूबाईंनी नाही सांगितलं, त्या एवढ्या हलक्या नाहीत. मॅलकीने सांगितलं, अंगणातून, मोठ्या आवाजात, शेजाऱ्याला. शुक्रवारी फादर आले. चहा घेतला, पावाचे दोन तुकडे खाल्ले, फिंटनच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग म्हणाले की तू कधी आलीसच तर तुला घरात घेऊन मी मुलांपुढे वाईट उदाहरण ठेवू नये. ताई, तीन पोरं दोन महिने बादलीत ओकत होती, नवरा आडवा होता, गवत कुजत होतं, तेव्हा हे गृहस्थ कोपऱ्यावरच्या घरात होते आणि आले नाहीत, कारण त्यांना खोकल्याची लागण नको होती. मी त्यांना तेच सांगितलं. आवाज चढवला नाही. आणि म्हटलं, माझ्या बहिणीने तुम्हाला भिऊन दहा दिवस घालवले, मी दहा मिनिटंही घालवणार नाही. त्यांनी टोपी घेतली. आज रविवारी चर्चमध्ये मिस्साला मी गेले, नेहमीच्या बाकावर बसले. मानेवर सगळ्या गावाचे डोळे होते. सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि मागे वळून एकेकीकडे अशा बघायला लागल्या की बायकांनी पुस्तकं उघडली.

तू विल्फ्रेडला घेऊन ये. पुढच्या महिन्यात ये, मॅलकीचं प्लास्टर निघेल तेव्हा. चुलीजवळचा बाक रात्री पसरला की दोघांपुरता होतो. मी सासूबाईंना तुम्ही येणार आहात असं सांगितलं, विचारलं नाही. त्यांनी विणायची ओळ पूर्ण केली. मग म्हणाल्या, मेथडिस्ट दारू पीत नाहीत म्हणे, म्हणजे या घरात एक तरी पुरुष सरळ उभा राहील. त्यांच्याकडून याहून गोड शब्द तुला मिळेल अशी आशा ठेवू नकोस. तूही त्यांचे पाय धरायला जाऊ नकोस, लाथ मारतील.

मी मात्र तुझ्यावर अजून रागावलेली आहे. खोटं बोललीस म्हणून नाही. माझ्याशी खोटं बोललीस म्हणून. लग्न झालं आणि मला कळवलं नाहीस. मी तुला साधं एक टेबलक्लॉथ विणून दिलं असतं. आलीस की तोंडावर भांडेन, कागदावर नको. कागदावर आपल्या घरात फार भांडणं झाली.

फिंटन उठला. खोकत नाही, नुसता भुकेने बोंबलतो आहे. लोभाबिभाचं तू समजून घे, मी जाते.

ईटा